धाकटीचा निळा डबा

धाकटीच्या गॅरेजात पान्यांच्या वरच्या फळीवर रंगाचे दोन डबे असत. एक पिवळा, रोजच्या वापरातला, कडेनं ओघळ सुकलेला. दुसरा निळा. त्याचं झाकण कुणी कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. अधूनमधून ती तो कानाशी धरून हलवायची. आत डुबुक वाजलं की पुन्हा फळीवर ठेवायची, आणि नाही वाजलं तर वाळला म्हणून फेकून बाजारातून नवा आणायची.

शेजारच्या गाळ्यात तिच्या नवऱ्याचं शिवणयंत्र चालायचं. त्याला हे कोडं होतं.

"पिवळ्याचं समजलं," तो म्हणायचा. "हा निळा कुणासाठी पोसतेस?"

"पाहुण्यासाठी."

"कधी येणार पाहुणा?"

"येईल. पत्ता माहीत आहे त्याला."

केसांत पांढऱ्या बटा आल्या तरी सगळ्या गावाला ती धाकटीच होती, कारण तिच्या आधी दादा होता. आणि दोघांच्याही वर आप्पा होते. आप्पांचं गॅरेज म्हणजे शॉकअपचं आणि स्प्रिंगच्या पाट्यांचं माहेरघर. खड्ड्यात आपटून आलेली, एका कुशीवर कललेली, कुरकुरणारी, कण्हणारी गाडी आप्पांकडे यायची आणि ताठ मानेनं परत जायची. आप्पा आधी बघायचे नाहीत. आधी ऐकायचे. गाडी दारातल्या चढावरून आत घ्यायला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, मागचा डावा, खालचं टोक.

त्या गॅरेजात एक नियम होता. नट आवळून झाला की त्यावर रंगाची रेघ ओढायची, नटापासून थेट शॉकअपच्या लोखंडापर्यंत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, लांबून कळतं. आणि रेघ ज्याच्या रंगाची, काम त्याचं. आप्पांची पांढरी, दादाची निळी, धाकटीची पिवळी.

"बिलावर काय, कुणीही सही करेल," आप्पा म्हणायचे. "नटावर करून दाखवा."

दुसरा नियम त्याहून कडक होता. शॉकअपचा नट गाडी जमिनीवर उभी असतानाच आवळायचा. जॅकवर चढवलेल्या गाडीची चाकं खाली लोंबकळतात, शॉकअप ताणला जातो. त्याच्या टोकाच्या गोल डोळ्यात रबर असतं. ते तशा अवस्थेत आवळून धरलं आणि मग गाडी खाली उतरवली, की रबर जन्मभर पिळलेलंच राहतं. काही दिवस गप्प बसतं, मग कुरकुरतं, मग फाटतं.

धाकटीला हे एकदा सांगून पुरलं. दादाला मात्र उभ्या गाडीखाली पाठीवर झोपून सरपटायचा कंटाळा. धूळ डोळ्यात जाते, कोपर खरचटतं. आप्पांची पाठ वळली की तो वरच्या वर, हवेतच नट आवळून मोकळा व्हायचा.

"दादा, खाली घे ना गाडी," धाकटी म्हणायची.

"तू तुझ्या पिवळ्याचं बघ."

मग बर्फवाल्याच्या गाडीचं झालं. उतारावर तिचा मागचा शॉकअप सुटला, लोंबकळत ब्रेकच्या नळीत अडकला, नळी तुटली, गाडी भिंतीवर गेली. बर्फवाल्याचा पाय असा मोडला की तो आजही कडेनं, भिंत धरून चालतो. आप्पा स्वतः जाऊन तो शॉकअप घेऊन आले. एका टोकाचं रबर फाटून गळून गेलं होतं आणि त्या टोकाच्या लोखंडावर अर्धी रेघ राहिली होती. पिवळी.

"रेघ कुणाची?" आप्पांनी विचारलं.

"माझ्या रंगाची आहे," धाकटी म्हणाली. "पण काम माझं नाही, आप्पा. त्या गाडीला मी हातही लावला नव्हता."

"मग रेघ काय चालत आली?"

धाकटीनं दादाकडे बघितलं. दादा नळावर हात धूत होता. एकेक बोट, नखांच्या कडा, मनगटापर्यंत फेस. असे हात त्यानं जन्मात कधी धुतले नव्हते.

आप्पांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

तो शॉकअप त्यांनी गॅरेजच्या दारात खिळ्याला टांगला, सगळ्यांना आठवण राहावी म्हणून. आठवण ठेवायचं काम दादानं मनापासून केलं. नवं गिऱ्हाईक आलं की तो बोट दाखवायचा, "ती बघा, आमच्या धाकटीची कामगिरी. तेव्हापासून सगळं मीच जातीनं बघतो." हे बोलणं फिरत फिरत धाकटीपर्यंत पोचायचं. आधी ती पंक्चरच्या दुकानात राबत होती तेव्हा, नंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला तिनं स्वतःचं छपर उभं केलं तेव्हाही.

आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं नव्हतं, हेच जास्त बोचायचं. ते तिच्या घरी जेवायला यायचे, नातवंडांना मांडीवर घ्यायचे. पण घराला लागूनच असलेल्या तिच्या गॅरेजसमोरून जाताना त्यांची मान दुसरीकडे वळायची. आणि जेवताना तिनं कामाचा विषय काढला की त्यांना नेमकं मीठ हवं असायचं.

धाकटीला आप्पांचं गॅरेज नको होतं. तिला एवढंच हवं होतं, की दादानं आप्पांच्या समोर, स्वतःच्या तोंडानं बोलावं. गाडीखाली झोपल्यावर नाकासमोर जो नट येईल तो ती दादाच्या नावानं आवळायची, आणि म्हणून तिचे नट कधी ढिले पडायचे नाहीत. पण आप्पा थकत चालले होते. नजर तर गेल्यात जमा होती. ते असेच, पिवळी रेघ डोळ्यांत घेऊन गेले असते, तर दादा कायमचा सुटला असता. हा विचार आला की तिच्या तोंडाला गंज चाटल्यासारखी चव यायची.

आणि एका सकाळी वळणापलीकडून आवाज आला. कुईं. कुईं. कुईं. आवाजामागून पिकअप आली. दारांवर दादाच्या गॅरेजचं नाव ठसठशीत रंगवलेलं, आणि आत वहिनी.

"वन्सं, आहात का?"

"या वहिनी. तुमच्या आधी तुमची गाडी पोचली."

"तुम्ही तरी टोमणे मारू नका. भाजीवाली म्हणते, तुमचा आवाज आला की मी बटाटे तोलायला घेते, तुम्ही येईपर्यंत पिशवी तयार. शॉकअपवाल्याची स्वतःची गाडी अशी बोंबलत फिरते, मला तोंड दाखवायला जागा नाही."

"दादानं नाही बघितलं?"

"बघितलं ना. रबरं बदलली. थोडे दिवस बरे गेले की पुन्हा रडगाणं. पुन्हा बदलली, वरून ग्रीस फासलं. आता म्हणतात, हल्ली मालच खोटा येतो."

"आणि आप्पा?"

"ते दारातल्या खुर्चीवर बसून ऐकतात. गाडी आत शिरली की विचारतात, हे कुणी केलंय? हे म्हणतात, रबर नवं आहे आप्पा, बसेल हळूहळू." वहिनी खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवला. "हे सामान आणायला बाहेर गेलेत, संध्याकाळी येतील. तोवर करून द्या. आणि मी इथं आले होते हे—"

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका गोड निघाला की शेजारी शिवणयंत्र थांबलं.

तिनं गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर भार टाकून दाबलं आणि सोडलं. पाट्यांचा आवाज जाड असतो, जुनं दार उघडावं तसा. हा बारीक होता, ओल्या बोटानं काच घासावी तसा. हा रबराचाच.

"वहिनी, मागं चढा आणि उड्या मारा."

"या वयात?"

"दादानं असा आवाज काढलाय, तुम्हाला नाचायला काय हरकत आहे?"

वहिनी पदर खोचून वर चढल्या आणि हौद्यात धपाधप उड्या मारू लागल्या. धाकटी पाण्याची बाटली घेऊन गाडीखाली सरकली. बाटलीच्या झाकणाला भोक पाडलेलं होतं. ज्या रबरावर पाणी मारल्यावर आवाज थांबतो, चोर तेच रबर. पाट्यांच्या टोकांवर मारलं, कुईं चालूच. उजव्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यावर मारलं, उजवीकडून आवाज बंद. मग डावीकडे, तिथंही तसंच. पाणी ओघळून गेलं की दोन्ही पुन्हा सुरू.

"थांबू का?" वरून वहिनींनी धापा टाकत विचारलं.

 धाकटी उजव्या नटाकडे बघत होती. नटावरून शॉकअपवर एक ताजी, चकचकीत निळी रेघ गेली होती.

तिनं तो नट खोलला, रबर बाहेर काढलं, ग्रीस पुसलं. वयानं चिरलेल्या रबराच्या भेगा सरळ असतात. या तिरक्या होत्या, कपडा पिळल्यावर पडतात तशा. हवेत आवळलेलं. इतकी वर्षं गेली, दादाचे केस गेले, पोट सुटलं, पण पाठीवर झोपायचा कंटाळा काही गेला नाही.

हे रबर वहिनींच्या हाती आप्पांकडे पाठवावं, असं तिच्या मनात आलं. पण दादा म्हणाला असता, धाकटीनंच पिळून पाठवलंय. नाही. आप्पांना कुणी काही सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या कानांनीच त्यांना सांगायला हवं होतं.

तिनं उजव्या बाजूला नवं रबर बसवलं, गाडी चारी चाकांवर उभी केली, मग पाठीवर झोपून आत सरकली आणि नट आवळला. वर पिवळी रेघ ओढली. डाव्या बाजूचं तिनं काही खोललं नाही. नट पक्का आहे ना, रबर लगेच फाटणार नाही ना, एवढं मात्र बॅटरी मारून नीट पाहिलं. सूड आवाजापुरता हवा होता. आणखी कुणाचा पाय मोडायला नको होता.

नवरा गळ्यात टेप अडकवून येऊन उभा राहिला होता. "एकच बाजू केलीस?"

"हो."

"मी कधी गिऱ्हाइकाला एका पायाची विजार देतो का?"

"तुझ्या नावावर अजून कुणी फाटकी विजार खपवली नाही, म्हणून बोलतोस."

त्यानं गळ्यातला टेप काढून बोटाभोवती गुंडाळला. मग हळूच म्हणाला, "आप्पांना कळेल?"

"त्यांना नाही कळलं तर कुणालाच नाही कळणार."

वहिनींनी गाडी मागेपुढे करून पाहिली. "वन्सं, अजून येतोय की आवाज."

"एका बाजूनं. दुसरीचं सामान नाही आज माझ्याकडे."

वहिनींची नजर सामानाच्या खोक्याकडे गेली. तशाच नव्या रबरांनी ते काठोकाठ भरलेलं होतं. मग नजर फळीवरच्या निळ्या डब्यावर गेली आणि तिथं जरा रेंगाळली.

"मी साधी आहे," त्या म्हणाल्या, "पण तेवढी नाही."

"मग?"

"मग काही नाही. दारातल्या चढावरून हळू नेऊ ना?"

"अगदी हळू. आप्पांची खुर्ची कुठल्या हाताला येते?"

"उजव्या."

"छान," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातून एकही काम धड झालं नाही. पाना समोर असून ती शोधत होती. दुपार उतरता उतरता वळणावर आवाज आला. कुईं, मग काहीच नाही, मग पुन्हा कुईं. एका पायानं लंगडत कुणी यावं तशी पिकअप आली. दादा चालवत होता, तोंड आवळलेलं. शेजारी आप्पा, आणि त्यांच्या मांडीवर, तान्हं बाळ धरावं तसा, दारातल्या खिळ्यावरचा तो जुना शॉकअप. मागच्या हौद्यात वहिनी. हे चुकवायची त्यांची तयारी नव्हती.

आप्पा उतरले. कधी नव्हे ते तिच्या छपराखाली आले.

"उजवी बाजू कुणी केली?"

"मी."

"जमिनीवर आवळलंस."

"तुम्हीच शिकवलंत."

"आणि डावी?"

"डावीला निळी रेघ आहे, आप्पा."

आप्पांनी दादाच्या दिशेनं तोंड वळवलं. "हवेत आवळलंस."

"आप्पा, हल्लीचा माल—"

"माल उजवीकडे गप्प बसलाय ना?"

 आप्पांनी हातातला जुना शॉकअप तिच्या लाकडी टेबलावर ठेवला. "काल गाडी माझ्या शेजारून आत गेली. ही बाजू बोललीच नाही. तेव्हा वाटलं, हे गप्प बसणं माझ्या ओळखीचं आहे. ज्या हाताला हे जमतं, त्या हातानं मग हे कसं केलं?" त्यांनी जुन्या लोखंडावर बोट आपटलं. "याचं खालचं रबर तेव्हाच गेलं. वरचं आत आहे, मातीखाली. साफ कर. मला बघायचंय."

धाकटी जागची हलली नाही. "मी नाही. दादानं करावं. मी हात लावला तर म्हणेल, आत्ताच पिळलं."

"माझ्यावर एवढा अविश्वास?" दादा म्हणाला.

"एवढाच नाही," धाकटी म्हणाली आणि तारेचा ब्रश त्याच्यासमोर ठेवला.

दादा घासू लागला. अंगात ताप असल्यासारखा सावकाश. "माती फार घट्ट झालीय," तो पुटपुटला.

"ओली कर," आप्पा म्हणाले.

धाकटीनं तीच भोक पाडलेली बाटली पुढे केली. माती सुटली. रबर दिसलं. आप्पांनी ते बघितलं नाही, अंगठ्यानं चाचपलं. मग धाकटीनं काल काढलेलं रबर त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं. त्यांचा एक अंगठा या भेगेवरून फिरला, दुसरा त्या. दोन्ही तिरक्या, दोन्ही एकाच दिशेनं पिळलेल्या. 

"थोरल्या," आप्पा म्हणाले. "बोल."

"माझा डबा वाळला होता," दादा म्हणाला, ब्रशकडे बघत. "बर्फवाला घाई करत होता. तिचा डबा उघडाच होता. मला वाटलं रेघ असली म्हणजे झालं, रंगाचं काय एवढं."

"आणि जीभ?" धाकटी म्हणाली. "ती पण वाळली होती?"

"बर्फवाल्याचा पाय बघून घाबरलो मी. मग एकदा गप्प बसलो ते... पुढे अवघड होत गेलं."

"गिऱ्हाइकांना खिळ्याकडे बोट दाखवताना अवघड नाही गेलं."

 धाकटीला वाटलं होतं, हा क्षण आला की आतला राग सैल पडेल. तसं काही झालं नाही. उलट बरं वाटलं, खूप बरं वाटलं, उन्हातून आल्यावर मडक्यातलं पाणी घटाघटा प्यावं तसं, आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही. ती फळीशी गेली, निळा डबा खाली घेतला, सवयीनं कानाशी हलवला. डुबुक. पेचकसानं झाकण उचकटून तिनं डबा दादासमोर ठेवला.

"ओढ."

"काय?"

"रेघ. पिवळ्यावरून."

दादानं घाईघाईनं ओढली, रेघ वाकडी गेली.

"पुन्हा. नीट. गिऱ्हाइकांना लांबून दिसली पाहिजे." तिनं त्याची दुसरी रेघ पुरी होऊ दिली. "आता हा तिथंच टांगायचा, त्याच खिळ्याला. आणि कुणी आलं की सांगायचं, कामगिरी कुणाची."

"यांना नाही जमलं तर मी सांगेन," हौद्यातून वहिनी म्हणाल्या. "माझा आवाज गाडीपेक्षा मोठा आहे."

आप्पांनी खिशात हात घातला आणि एक जुना पाना बाहेर काढला. दांडा गुळगुळीत झालेला, तिच्या हातातून काढून घेतलेला तोच. त्यांनी तो तिच्यापुढे धरला. धाकटीनं हात पुढे केला नाही.

"ठेवा तिथं टेबलावर," ती म्हणाली. "माझ्याकडे आता माझे आहेत."

आप्पांनी ठेवला. मग सांभाळून म्हणाले, "डावी बाजू पण करून टाक. किती वेळ लागतो तुला."

"नाही."

"सख्खा भाऊ आहे तुझा."

"मी पण सख्खीच होते, आप्पा."

"गाडी गावभर रडत जाईल."

"जाऊ दे. दारावर नाव रंगवलंय, कुणाची ते लोकांना वाचता येतं. दादा स्वतः पाठीवर झोपेल, चाकं जमिनीवर ठेवून आवळेल, त्या दिवशी थांबेल." ती दादाकडे वळली. "फाटायच्या आत कर. आणि वहिनींना तोवर उतारावर पाठवू नकोस."

 वहिनींनी आप्पांना हात दिला, दादानं शॉकअप उचलला. निळा रंग ओला होता. तो त्याच्या शर्टाला लागला, पण त्याला ते कळलं नाही. गाडी सुरू झाली. कुईं, मग काहीच नाही, मग कुईं. वाटेतल्या किराणा दुकानापुढे दोघंजण मान वळवून हसताना धाकटीला इथून दिसले. वळणापलीकडेही बराच वेळ आवाज येत राहिला, आणि तो पुरता संपेपर्यंत ती दारात उभी होती.

मग तिनं निळ्या डब्याचं झाकण बसवलं, हातोडीच्या दांड्यानं कडेकडेनं ठोकून घट्ट केलं आणि डबा पुन्हा फळीवर ठेवला.

"आता कशाला?" नवऱ्यानं विचारलं. "पाहुणा येऊन गेला की."

"डावी बाजू राहिलीय त्याची," धाकटी म्हणाली.

तिनं टेबलावरचा जुना पाना उचलला. तळहातावर तोलून पाहिला, फडक्यानं पुसला. बाकीच्या पान्यांबरोबर टांगला मात्र नाही. तो तसाच हातात घेऊन ती पाठीवर झोपली आणि गिऱ्हाइकाच्या, सकाळपासून ताटकळत उभ्या असलेल्या गाडीखाली सरकली.